विश्लेषण : न्यूयॉर्क, लंडनमध्ये शिकताना बाबासाहेबांनी काय पाहिलं, काय पाहायचं राहून गेलं?

जुन्या मुंबई-पुणे महामार्गावरच्या लोधिवली, चौक, खोपोली या पट्ट्यातलं एखादं मूल मास्टर्ससाठी परदेशी निघालं, की घरात दोन सूचना हमखास होतात. नीट अभ्यास कर, आणि एवढ्या लांब चाललास तर फिरून पण घे. मग काही दिवसांत मोबाइलवर फोटो यायला लागतात. टाइम्स स्क्वेअर, लंडन आय, एखाद्या नाट्यगृहाबाहेरची रोषणाई. शिकायला गेलेल्या मुलानं शहर बघणं हा आता शिक्षणाचाच भाग मानला जातो, आणि त्यात गैर काही नाही.

११३ वर्षांपूर्वी मुंबईहून न्यूयॉर्कला गेलेल्या एका विद्यार्थ्याचे असे फोटो नाहीत. तो कोलंबिया विद्यापीठात तीन वर्षं आणि लंडनमध्ये दोन टप्प्यांत मिळून साडेतीन वर्षांच्या आसपास राहिला. नाटकं, सिनेमे, शहरभर भटकणं हे त्यानं टाळलं, असं चरित्रकार धनंजय कीर यांनी लिहिलं आहे. हा विद्यार्थी म्हणजे डॉ. बाबासाहेब आंबेडकर. त्यांच्या पदव्यांची यादी शाळकरी मुलांनाही पाठ असते. पण जगातल्या दोन सर्वांत गजबजलेल्या शहरांत ऐन पंचविशीच्या आसपास राहून त्यांनी नेमकं काय पाहिलं, आणि काय पाहायचं सोडलं, याकडे फारसं कुणी बघत नाही. त्याचं उत्तर बरंचसं हिशेबाच्या वहीत सापडतं.

खिशात किती पैसे होते?

वडील रामजी सकपाळ यांचं २ फेब्रुवारी १९१३ रोजी निधन झालं. घराचा आधार गेला होता आणि पत्नी रमाबाई व लहानगा यशवंत मुंबईत होते. अशा वेळी बडोद्याच्या महाराजा सयाजीराव गायकवाड यांनी परदेशी शिक्षणासाठी शिष्यवृत्ती मंजूर केली. दरमहा साडेअकरा पौंड, मुदत तीन वर्षं. बदल्यात परत आल्यावर दहा वर्षं बडोदा संस्थानची नोकरी करायची, असा करार जून १९१३ मध्ये झाला. जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात २२ वर्षांचे भीमराव न्यूयॉर्कला उतरले.

साडेअकरा पौंड म्हणजे तेव्हाच्या दरानं सुमारे ५६ डॉलर. कीर यांनी त्यांच्या जेवणाचा तपशील दिला आहे. एक कप कॉफी, दोन मफिन आणि मांसाची किंवा माशाची एक डिश. खर्च एक डॉलर दहा सेंट. हा रोजचा खर्च धरला, तर महिन्याला ३३ डॉलर जेवणातच गेले. उरले २३. त्यातून खोलीचं भाडं, कपडे, वह्या-पुस्तकं, आणि शिवाय मुंबईला घरी पाठवायचे पैसे. हे पैसे ते पाठवत होते. या आकडेमोडीत नाटकाच्या तिकिटासाठी रकानाच उरत नाही.

राहण्याची जागाही बदलत गेली. आधी विद्यापीठाच्या हार्टले हॉल वसतिगृहात मुक्काम केला, पण तिथलं जेवण रुचेना. मग ११४व्या रस्त्यावरच्या कॉस्मोपॉलिटन क्लबात गेले, जिथे काही भारतीय विद्यार्थी राहत. त्यानंतर लिव्हिंग्स्टन हॉलमध्ये नवल भथेना या पारशी मित्रासोबत. ही मैत्री आयुष्यभर टिकली. पुढे लंडनच्या शिक्षणात पैसे कमी पडले, तेव्हा कर्ज देणारे भथेनाच होते.

ब्रॉडवे किती लांब होता?

लांब नव्हताच. कोलंबिया विद्यापीठ ज्या रस्त्यावर उभं आहे त्याचंच नाव ब्रॉडवे. विद्यापीठाच्या दारात, ११६व्या रस्त्याला भुयारी रेल्वेचं स्टेशन १९०४ पासून होतं. तिकीट फक्त पाच सेंट. त्याच मार्गावर ४२व्या रस्त्याला टाइम्स स्क्वेअर, म्हणजे नाट्यगृहांचा सगळा बाजार. गाडीत बसलं की थोड्याच वेळात पोचता येई.

आणि पाहण्यासारखं तेव्हा खूप होतं. बाबासाहेब पोचले त्याच्या तीन महिने आधी, एप्रिल १९१३ मध्ये, वूलवर्थ इमारतीचं उद्घाटन झालं होतं. ती तेव्हा जगातली सर्वांत उंच इमारत होती आणि लोक लांबून ती बघायला येत. ऑक्टोबर १९१४ मध्ये बर्नार्ड शॉचं 'पिग्मॅलियन' न्यूयॉर्कच्या रंगभूमीवर आलं. माणसाच्या बोलण्यावरून त्याची जात, म्हणजे तिथल्या भाषेत त्याचा वर्ग कसा ठरतो, यावरचं हे नाटक. मराठी प्रेक्षकांना ते पुढे पु. ल. देशपांडे यांच्या 'ती फुलराणी'मुळे घरचं झालं.

मार्च १९१५ मध्ये ४२व्या रस्त्यावरच्या लिबर्टी थिएटरात 'द बर्थ ऑफ अ नेशन' हा मूकपट लागला. कृष्णवर्णीयांना खलनायक ठरवणाऱ्या आणि कू क्लक्स क्लानचं गुणगान करणाऱ्या या चित्रपटाविरुद्ध कृष्णवर्णीयांच्या संघटनेनं निदर्शनं केली. तिकीट दोन डॉलरपर्यंत होतं, म्हणजे कोलंबियातल्या या विद्यार्थ्याचं जवळपास दोन दिवसांचं जेवण. ज्या महिन्यांत हा वाद शहरात पेटला होता, त्याच महिन्यांत विद्यापीठात तो प्राचीन भारतातल्या व्यापारावरचा एम.ए.चा प्रबंध पुरा करत होता. २ जून १९१५ ला ही पदवी मिळाली. अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या लढ्याकडे त्यांचं लक्ष पुढेही होतं. १९४६ मध्ये त्यांनी डब्ल्यू. ई. बी. डुबॉइस यांना पत्र लिहून संयुक्त राष्ट्रांकडे पाठवलेल्या कृष्णवर्णीयांच्या अर्जाची चौकशी केली होती.

मग तीन वर्षं केलं काय?

विद्यापीठाच्या नोंदींतून हे स्पष्ट दिसतं. अर्थशास्त्राचे २९ अभ्यासक्रम, इतिहासाचे ११, समाजशास्त्राचे सहा, तत्त्वज्ञानाचे पाच, मानववंशशास्त्राचे चार, राज्यशास्त्राचे तीन, वर फ्रेंच आणि जर्मन भाषांचे एकेक प्राथमिक वर्ग. शिकवायला एडविन सेलिग्मन, जॉन ड्युई, जेम्स शॉटवेल यांच्यासारखी माणसं. आजच्या क्रेडिटच्या हिशेबात एका विद्यार्थ्यानं एवढं घेतलं, तर विद्यापीठाचं पोर्टलच बहुधा अडवेल.

९ मे १९१६ रोजी अलेक्झांडर गोल्डनवायझर यांच्या मानववंशशास्त्राच्या चर्चासत्रात त्यांनी भारतातल्या जातींवरचा निबंध वाचला. तेव्हा त्यांचं वय २५.

शहर त्यांनी अजिबात पाहिलं नाही, असं मात्र म्हणता येत नाही. त्यांचं न्यूयॉर्क जुन्या पुस्तकांच्या दुकानांचं होतं. अमेरिकेत असताना त्यांनी सुमारे दोन हजार जुनी पुस्तकं जमवली. मोकळा वेळ आणि उरलासुरला डॉलर जायचा तो तिथे. पुढे ही पुस्तकं एका मित्रावर सोपवून भारतात पाठवायची व्यवस्था केली. त्यातली बरीच वाटेत गहाळ झाली.

आणखी एक गोष्ट त्यांनी पाहिली, तिला तिकीट नव्हतं. विद्यापीठात इतर मुलांच्या शेजारी बसणं, एका टेबलावर जेवणं, कुणाच्या कपाळाला आठी न पडता पाणी पिणं. साताऱ्याच्या शाळेत घरून नेलेल्या गोणपाटावर वेगळं बसलेल्या आणि शिपायानं वरून ओतलं तरच पाणी मिळणाऱ्या मुलासाठी हे नवीन होतं. कीर यांच्या मते कोलंबियातली ही समतेची वागणूक हाच त्यांच्यासाठी मोठा साक्षात्कार होता. स्वातंत्र्यदेवीचा पुतळा बघायला बोटीनं जायची गरज पडावी, असं काही त्यात उरलं नसावं.

याच काळात त्यांनी वडिलांच्या एका स्नेह्याला पत्र लिहिलं. विषय मुलींच्या शिक्षणाचा. आपल्या समाजाची प्रगती व्हायची तर मुलांबरोबर मुलींनाही शिकवायला हवं, असा त्याचा आशय. संधी वारंवार येत नाही हे पटवून देताना त्यांनी शेक्सपिअरच्या नाटकाचा आधार घेतला. नाट्यगृह टाळणाऱ्या विद्यार्थ्याच्या पत्रात नाटक आलं ते असं.

लंडनचा पहिला मुक्काम का तुटला?

१९१६ च्या ऑक्टोबरमध्ये ते लंडनला आले. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये अर्थशास्त्र आणि ग्रेज इनमध्ये बॅरिस्टरी, दोन्हीकडे एकाच महिन्यात नाव घातलं. पहिलं महायुद्ध चालू होतं. झेपेलिन विमानांचे हल्ले होत होते, तरी नाट्यगृहं भरलेली असत, कारण आघाडीवरून रजेवर आलेल्या सैनिकांना करमणूक हवी होती. ऑगस्ट १९१६ मध्ये 'चू चिन चाव' नावाचं संगीत नाटक लागलं. गोष्ट अलीबाबा आणि चाळीस चोरांची, मंचावर उंट, गाढवं आणि इंग्रजांच्या कल्पनेतली पूर्व. ते इतकं चाललं, की २,२३८ प्रयोग होऊन जुलै १९२१ मध्ये उतरलं. म्हणजे बाबासाहेब लंडनला आले तेव्हा ते नवं होतं, ते भारतात परतले, तीन वर्षांनी पुन्हा लंडनला गेले, एम.एस्सी. झाले, तरी सुरूच होतं.

त्यांचा स्वतःचा मुक्काम मात्र जेमतेम नऊ-दहा महिने टिकला. बडोद्याची वाढवून मिळालेली मुदत १९१७ च्या मध्यावर संपली. प्राध्यापक एडविन कॅनन यांच्या मदतीनं चार वर्षांच्या आत परत येऊन अभ्यास पुरा करण्याची परवानगी तेवढी मिळाली. २१ ऑगस्ट १९१७ रोजी ते मुंबईला उतरले. सामान ज्या जहाजावर होतं, ते पाणबुडीनं बुडवलं. पुस्तकं पुन्हा गेली. थॉमस कुक कंपनीकडून नुकसानभरपाई म्हणून सहाशे रुपये मिळाले, त्यातूनच बडोद्याला नोकरीवर हजर होण्याचा प्रवासखर्च भागला. तिथे राहायला जागा मिळेना, म्हणून काय घडलं, ते बहुतेक वाचकांना माहीत आहे.

दुसऱ्या वेळी घाई कशाची होती?

या वेळी शिष्यवृत्ती नव्हती. मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात १९१८ ते १९२० या काळात प्राध्यापकी केली, पगार ४५० रुपये. परळच्या चाळीत काटकसरीनं राहून त्यातली शिल्लक टाकली. कोल्हापूरच्या राजर्षी शाहू महाराजांनी दीड हजार रुपये दिले, भथेनांकडून पाच हजारांचं कर्ज मिळालं. जुलै १९२० मध्ये बोट पकडली. मागे रमाबाई तुटपुंज्या पैशांत घर चालवत होत्या, आणि लंडनमधला प्रत्येक जादा महिना त्यांच्या खर्चातून कापला जाणार होता. घाई या कारणासाठी होती.

लंडनमधला त्यांचा एक पत्ता १०, किंग हेन्रीज रोड. वायव्य लंडनमधली साधी, रांगेतली घरं. प्रिमरोज हिल ही टेकडी तिथून चालत काही मिनिटांवर आहे. तिच्या माथ्यावरून अख्खं लंडन दिसतं, आणि पर्यटक आजही संध्याकाळी तिथे जाऊन बसतात. बाबासाहेबांची रोजची वाट मात्र ब्लूम्सबरीतल्या ब्रिटिश म्युझियमकडची होती. अंतर साधारण चार किलोमीटर. पैसे वाचवायला ते चालत जात, असं चरित्रकार सांगतात. सकाळी घरमालकीण देई तो नाश्ता म्हणजे पावाचा तुकडा, माशाचा लहानसा तुकडा, थोडा जॅम आणि चहा. ग्रंथालय उघडताच आत, आणि बंद व्हायच्या वेळी बाहेर. कॉटच्या कडेला बसून रात्री बोव्हरिलचा कप आणि बिस्किटं. दहाच्या सुमारास भूक लागली, की ओळखीच्यानं दिलेले पापड पत्र्याच्या तुकड्यावर भाजायचे आणि पुन्हा पुस्तक उघडायचं. खोलीतले सोबती असनोडकर आता झोपा असं म्हणत, तेव्हा आपल्याकडे पैसा नाही आणि वेळही नाही, हेच उत्तर त्यांना मिळे.

गंमत अशी, की ते रोज जिथे जात ती जागाच लंडनमधलं मोठं प्रेक्षणीय स्थळ होती. ब्रिटिश म्युझियमला प्रवेश फुकट. लोक रोझेटा शिला आणि इजिप्तच्या ममी बघायला रांगा लावत. हा विद्यार्थी त्याच दारातून आत येऊन सरळ घुमटाच्या वाचनकक्षात जाई. १८५७ मध्ये उघडलेल्या या गोल कक्षात कार्ल मार्क्सनं आणि लेनिननंही वाचन केलं होतं. तिकडे जाणारी वाट प्रवेशदालनातून होती, आणि त्या काळात दालनाच्या मुख्य जिन्याच्या भिंतींवर आंध्रातल्या अमरावतीच्या बौद्ध स्तूपाची शिल्पं लावलेली होती. लंडनमधल्या एवढ्या दिवसांत जाता-येता ती त्यांच्या नजरेस पडली नसतील, असं मानणं कठीण आहे.

नाटकं तर शेजारीच होती?

लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सचा परिसर नकाशावर पाहिला, तर हसू येतं. ऑल्डविच थिएटर आणि स्ट्रँड थिएटर पाच मिनिटांच्या चालीवर, ड्रुरी लेनचं जुनं थिएटर रॉयलही जवळच. या संस्थेच्या स्थापनेत वेब दाम्पत्याबरोबर बर्नार्ड शॉ यांचाही वाटा होता. म्हणजे कॉलेज उभं करणाऱ्यांपैकी एकजण शहरातला सर्वांत गाजलेला नाटककार. ऑक्टोबर १९२१ मध्ये शॉ यांचं 'हार्टब्रेक हाउस' लंडनच्या कोर्ट थिएटरात आलं, तेव्हा बाबासाहेब रुपयाच्या प्रश्नावरच्या डी.एस्सी. प्रबंधात बुडालेले होते.

तरीही रंगभूमीच्या इतिहासातली एक जागा त्यांनी आतून पाहिली, तीही सक्तीनं. बॅरिस्टर व्हायचं, तर त्या संस्थेच्या भोजनगृहात ठरावीक संख्येनं जेवणं घ्यावीच लागत. त्याशिवाय सनद मिळत नसे. ग्रेज इनच्या याच हॉलमध्ये २८ डिसेंबर १५९४ च्या रात्री शेक्सपिअरच्या 'कॉमेडी ऑफ एरर्स'चा प्रयोग झाला होता. लाकडी छताच्या या दालनात विद्यार्थी काळे झगे घालून बसत. नाटकाचं तिकीट न परवडणाऱ्या विद्यार्थ्याला शेक्सपिअरचा प्रयोग झालेल्या जागी जेवण मात्र चुकवता येत नव्हतं.

मे १९२२ मध्ये शाहू महाराज गेले. ऑक्टोबरमध्ये प्रबंध सादर झाला. त्यानंतर ते जर्मनीत बॉनला गेले, तिथल्या विद्यापीठात शिकायचा विचार होता. ऱ्हाइनकाठचं हे गाव त्यांनी सहलीसाठी निवडलं नव्हतं. शिवाय मार्च १९२३ मध्ये प्राध्यापक कॅनन यांनी परत बोलावलं, कारण प्रबंधातले ब्रिटिश सरकारवर टीका करणारे निष्कर्ष परीक्षकांना खटकले होते. तोवर पैसे संपले होते. एप्रिलमध्ये ते मुंबईला परतले, दुरुस्त प्रबंध तिथूनच पाठवला, आणि वर्षाच्या अखेरीस डी.एस्सी. पदवी मिळाली.

आता त्या घरात काय आहे?

किंग हेन्रीज रोडवरचं घर महाराष्ट्र सरकारनं २०१५ मध्ये विकत घेतलं. १४ नोव्हेंबर २०१५ रोजी पंतप्रधान नरेंद्र मोदी यांच्या हस्ते त्याचं उद्घाटन झालं. निवासी भागात संग्रहालय नको, म्हणून स्थानिक कॅम्डन पालिकेनं हरकत घेतली. ते प्रकरण चौकशीपर्यंत गेलं आणि मार्च २०२० मध्ये संग्रहालयाला परवानगी मिळाली. दारावरच्या फलकावर १९२१-२२ ही वर्षं आहेत. लंडनला जाणारी मराठी कुटुंबं आता बकिंगहॅम पॅलेसबरोबर हा पत्ताही यादीत ठेवतात. अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांना परदेशी शिक्षणासाठी राज्य सरकार जी शिष्यवृत्ती देतं, तिला राजर्षी शाहू महाराजांचं नाव आहे, आणि तिच्यावर लंडनला गेलेली मुलं या दारापुढे फोटो काढतात.

मायदेशात त्यांनी काही पाहिलं का?

पाहिलं, आणि ती गोष्ट इथल्याच जिल्ह्यात सुरू होते. लोधिवली, खालापूर ज्या रायगड जिल्ह्यात आहेत, त्याचं नाव १९८१ पर्यंत कुलाबा होतं. याच कुलाबा जिल्ह्यातल्या महाडला २० मार्च १९२७ रोजी चवदार तळ्याचं पाणी प्यायला ते गेले. डिसेंबरमध्ये महाडला पुन्हा परिषद झाली. त्यानंतर त्यांनी महाडजवळचे बौद्ध अवशेष पाहिले आणि सहकाऱ्यांसोबत रायगड किल्ल्यावर गेले. लंडनमध्ये ज्याला फुरसत नव्हती, तो माणूस कोकणात किल्ला बघायला डोंगर चढला.

१९३४ मध्ये चळवळीतल्या सहकाऱ्यांनी सहलीची इच्छा व्यक्त केली. त्यांना वेरूळची लेणी पाहायची होती. बाबासाहेब सोबत निघाले, मंडळी सुमारे तीस. वाटेत दौलताबादचा किल्ला लागला. प्रवासाच्या धुळीनं सगळे माखलेले, दारात पाण्यानं भरलेला हौद. काहींनी हातपाय, तोंड धुतलं. तेवढ्यात आरडाओरडा झाला, हौद बाटवला म्हणून लोक जमले, शिवीगाळ सुरू झाली. कोलंबिया आणि लंडनच्या पदव्या घेतलेला, तीन गोलमेज परिषदांत बोललेला माणूस त्या जमावापुढे उभा होता. बरीच हुज्जत झाल्यावर किल्ला बघायची परवानगी मिळाली. ती सहल आणि तो हौद त्यांनी नंतर आपल्या आठवणींत लिहून ठेवला. किल्ला त्या दिवशी सगळ्यांनी पाहिला, पण सोबत एक शस्त्रधारी शिपाई दिलेला होता. आत कुठेही यांनी पाण्याला हात लावू नये, एवढं बघणं त्याचं काम होतं.